खानझोडे मॅडमची चौथी प्लेट

खानझोडे मॅडम पालक खात नसत. भोपाळच्या बिट्टन मार्केटच्या हाटात मात्र त्या न चुकता जात आणि पाच-सहा जुड्या घेत. प्रत्येक जुडीतलं एक पान उन्हासमोर धरून पाहत, पिवळी झाक दिसली की जुडी परत ठेवत. भाजीवाली वैतागायची. "अम्मा, भाजी ले रही हो कि बहू पसंद कर रही हो?" मॅडम गंभीरपणे म्हणत, "बहू ही समझ लो." घरी त्यांच्याकडे बटाटा, वांगं, भेंडी, सगळं शिजे. पालक नाही. एकदा मी कारण विचारलं तेव्हा म्हणाल्या, "दिवसभर जिला मिक्सरमधून काढते, तिलाच संध्याकाळी ताटात कशी घेऊ गं?"

मी त्यांच्याकडे आले ती पांढुर्ण्याहून. वडील संत्र्यांच्या मंडईत पेट्या भरायचे. घरात बारावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं, मी बी.एस्सी. झाले तेव्हा आईनं निकालाचा कागद देवापुढे ठेवला होता. भोपाळच्या सरकारी महाविद्यालयात एम.एस्सी.च्या प्रवेशाला आमची तोंडी परीक्षा घ्यायला त्या बसल्या होत्या. पांढऱ्या केसांचा छोटा अंबाडा, सुती साडी, मनगटावर मोठ्या तबकडीचं पुरुषी घड्याळ. एका सरांनी मला इंग्रजीत काहीतरी विचारलं. मला ते समजलं, पण तोंडातून शब्द निघेना. मॅडमनी माझ्या अर्जावरचं गाव वाचलं आणि सरळ मराठीत विचारलं, "संत्र्याची साल उन्हात पडली की तिचा रंग काय होतो?"

"आधी तांबूस होतो, मग मातकट. सावलीत ठेवली तर जास्त दिवस टिकतो," मी म्हणाले.

"का?"

"ते माहीत नाही."

"छान," त्या म्हणाल्या. "माहीत नाही हे सांगता आलं. ये उद्यापासून."

मॅडमचे आजोबा नागपूरच्या सचिवालयात कारकून होते. राज्याची राजधानी भोपाळला आली तेव्हा फायलींबरोबर तेही आले. घरात त्या शुद्ध पुस्तकी मराठी बोलत, पण राग आला की नागपूर बाहेर पडे. "काहून केलं असं?" हे वाक्य ऐकू आलं की अख्ख्या विभागात खुर्च्या सरकल्याचा आवाज व्हायचा.

त्यांचं काम एका वाक्यात सांगायचं तर पानातल्या रंगानं कॅन्सरची गाठ जाळायची, असं होतं. पानातलं हरितद्रव्य काढायचं, त्यात आम्लाचे थेंब घालून त्याच्या मधला मॅग्नेशियमचा अणू सोडवायचा. हिरवा रंग डोळ्यांदेखत शेवाळी तपकिरी होतो. ते धुऊन, गाळून, पुन्हा पुन्हा शुद्ध करून शेवटी बाटलीच्या तळाशी चिमूटभर काळपट भुकटी उरते. ही भुकटी अंधारात काही करत नाही. पण तिच्यावर लाल उजेड पडला की ती आजूबाजूच्या ऑक्सिजनला असा चेतवते, की ज्या पेशीत ती असेल ती पेशी आतून जळते. भुकटी गाठीत साचवायची, उजेड फक्त गाठीवर टाकायचा आणि बाकीचं शरीर वाचवायचं, एवढीच कल्पना. या जातीची औषधं जगात इतरत्र काही आजारांवर वापरात आलेली होती, ते मॅडम कधी लपवत नसत. "आपण काही नवं शोधत नाही. इथं, या पालकातून होतं का, तेवढंच बघतोय. आणि आपण पहिल्या पायरीवर आहोत. जिना कोण बांधणार, देव जाणे."

रंग उजेडानं बिघडतो म्हणून सगळं काम जुन्या भांडारखोलीत चाले. खिडक्यांना काळा कागद आणि छताला एकच दिवा, त्यावर गणपतीच्या आराशीत लावतात तसा हिरवा जिलेटिन कागद. हिरवा उजेड त्या रंगाला सर्वांत कमी बाधतो. त्या खोलीत सगळेच आजारी दिसत. मॅडमच्या डब्यातल्या पोळ्यांची चांदीसारखी फॉइल धुऊन वाळवून परीक्षानळ्यांना गुंडाळली जाई, त्यामुळे आमच्या नळ्यांना कधी मेथीचा, कधी तुपाचा वास यायचा.

आणि त्या खोलीचे दुसरे मालक होते शफीकभाई, आमचे प्रयोगशाळा परिचर. मॅडमबरोबर बावीस वर्षं. उंच, शिडशिडीत, गालात कायम गुटखा. मॅडम त्यांच्याशी मराठीत बोलत, ते भोपाळी हिंदीत उत्तर देत. दोघांनीही दुसऱ्याची भाषा बोलायचा प्रयत्न कधी केला नाही आणि दोघांत गैरसमजही कधी झाला नाही. मला ते गावाच्या नावानंच हाक मारत.

"आओ पांढुर्ना, आज फिर बत्ती जलाओगी क्या?"

पहिल्याच आठवड्यात मी त्या खोलीत ट्यूबलाइट लावली होती. पंधरा दिवसांचं काम एका खटक्यात गेलं. ते शफीकभाई मला जन्मभर विसरू देणार नव्हते.

शहरातल्या एका मोठ्या संस्थेनं मॅडमना पेशींवर काम करायला आठवड्यातून दोन दिवस एक टेबल दिलं होतं. काळ्या कापडात गुंडाळलेली बर्फाची पेटी स्कूटरवर पायांमध्ये ठेवून शफीकभाई तिथं न्यायचे. वाटेत कुणी विचारलं, क्या ले जा रिये हो खां, तर सांगायचे, "कैंसर की दवा है. अपनी मेडम बना रई हैं." मॅडमना हे कळलं की त्या चिडत.

"शफीक, औषध म्हणू नकोस. अजून नाही."

"बन तो रई है ना, मेडम?"

यावर त्या गप्प बसत. त्या गप्प बसण्याचा हिशोब पुढे त्यांनी स्वतःच मांडला.

मॅडमचा प्रत्येक प्रयोग चार प्लेटींचा. पहिल्या प्लेटीतल्या पेशींना रंगही नाही, उजेडही नाही. दुसरीला नुसता उजेड. तिसरीला नुसता रंग, आणि ती अंधारात. चौथीला रंगही, उजेडही. पहिल्या तिन्ही जगल्या आणि चौथीच मेली, तरच काही घडलं असं म्हणायचं. लाल उजेडाची पेटी गोविंदपुऱ्यातल्या एका छोट्या कारखान्यात बनवून घेतलेली होती; संस्थेत काम असेल तेव्हा ती तिकडे जाई, एरवी भांडारखोलीतच असे. तिला मागे कुलरसारखा पंखा होता आणि ती चालू झाली की खोलीभर गुणगुण व्हायची.

एकदा माझी चौथी प्लेट अशी साफ झाली की एकही पेशी उरली नाही. मी धावत मॅडमकडे गेले. त्यांनी चष्मा पुसला.

"तिसरी?"

मी तिसरी पाहिलीच नव्हती. पाहिली, तर तीही मेलेली. अर्क काढायला वापरलेलं अॅसिटोन मी पुरतं उडवलं नव्हतं. पेशी त्यानंच मेल्या होत्या.

"अंधारातही मारतं ते औषध नाही, विष आहे," मॅडम म्हणाल्या. "आणि विष शोधायला या गावाला आपली गरज नाही." मग रजिस्टर पुढे केलं. "लिही. पेनानं."

मी लिहायला लागले की अॅसिटोन राहिलं नसतं तर. त्यांनी माझा हात धरला. "काय झालं ते लिही, पोरी. काय व्हायला हवं होतं ते नको."

हे वाक्य त्यांनी मला दोन वर्षांत किती वेळा ऐकवलं असेल, सांगता येत नाही. मी आज ज्या नोकरीत आहे, ती या एका वाक्यावर उभी आहे.

दरवर्षी नव्या वर्गाला मॅडम एक गंमत दाखवत. पडदे ओढून म्हणत, "शफीक, गाल." शफीकभाई ऐटीत पुढे येत, पेटती टॉर्च तोंडात धरून ओठ मिटत. गाल आतून लालभडक पेटे, आकाशकंदिलासारखा. पोरं हसून लोळत. मॅडम विचारत, "टॉर्चचा उजेड पांढरा आहे. मग गाल लाल का?" आणि सांगत, "कारण बाकीचे रंग आतच अडकतात. मांसातून लाल तेवढा बाहेर येतो. म्हणून आपल्याला लाल दिवा लागतो. आणि तोही किती? बोटाच्या कडेएवढाच. त्याच्या पलीकडे अंधार."

माझ्या दुसऱ्या वर्षी प्रवेश लांबले आणि ही गंमत नवरात्राच्या जरा आधी झाली. शफीकभाई टाळाटाळ करत होते. "मेडम, इस बार किसी लौंडे को बोल दो." मॅडमनी ऐकलं नाही. नेहमीची टॉर्च त्यांच्या तोंडात जाईना. तोंड दोन बोटांपलीकडे उघडतच नव्हतं. कुणीतरी पेनाएवढी बारीक टॉर्च दिली. गाल पेटला. पोरं हसली. डाव्या गालाच्या मधोमध रुपयाएवढा काळा डाग दिसत होता.

पोरांना वाटलं गुटखा आहे. मॅडमनी स्वतः पडदा उघडला आणि वर्ग सोडून दिला.

दुसऱ्या दिवशी त्या शफीकभाईंना घेऊन दवाखान्यात गेल्या, मी बरोबर होते. तुकडा काढून तपासला. गालाचा कॅन्सर, जबड्याला टेकलेला. डॉक्टर म्हणाले, गाल आणि थोडा जबडा काढावा लागेल, मग किरणांचा शेक. लवकर केलं तर आशा आहे. रांग मोठी होती, तारीख दसऱ्यानंतरच्या मंगळवारची मिळाली.

परत आल्यावर शफीकभाईंनी हिरव्या खोलीचं दार लावलं. मी फ्रिजपाशी नळ्या लावत होते.

"मेडम, अपनी वाली दे दो ना."

"नाही."

"क्यों?"

"ती माणसाला द्यायची नाही. उंदरालासुद्धा दिलेली नाही आपण. परवानगीच मिळाली नाही कधी."

"चौथी प्लेट तो हर बार मरती है. मैंने खुद देखी है."

"प्लेटीत पेशींचा एक थर असतो, शफीक. आणि प्लेटीला बाकीचं शरीर नसतं. पोटात गेली की ती फक्त गाठीत जाईल, असं कुणी सांगितलं तुला? सगळीकडे जाईल."

शफीकभाईंनी हिरव्या दिव्याकडे पाहिलं. मग शांतपणे म्हणाले, "तो बाईस बरस अपन क्या कर रिये थे, मेडम?"

त्या दिवशी मी पहिल्यांदा पाहिलं, की मॅडमना येत नाही असा प्रश्न समोर आला आणि त्यांनी "माहीत नाही" असंही म्हटलं नाही.

पुढचा आठवडा सुट्टीचा होता. किल्ल्या नेहमीप्रमाणे शफीकभाईंकडे. सुट्टी संपून मी फ्रिज उघडला तर काळ्या भुकटीची बाटली रिकामी. फॉइल मात्र नीट घडी करून ठेवलेली. ती पाहून काय घडलं ते मला कळलं, कारण फॉइलची अशी घडी ते एकटेच करत.

त्यांनी सगळं नियमानं केलं होतं, ते मागाहून त्यांच्याच तोंडून कळलं. भुकटी पाण्यात विरघळत नाही, स्निग्धात विरघळते, हे मॅडमनीच शिकवलेलं. म्हणून सायीच्या दुधात घेतली. पेशींना देतो तसे काही तास हिरव्या खोलीत बसून काढले. मग लाल पेटी लावून, तोंड उघडेल तेवढं उघडून, गाल तिच्यासमोर धरला. प्लेटीला देतो त्याच्या दुप्पट वेळ. घड्याळ लावून. आणि सगळं आटोपल्यावर दार उघडून, ऑक्टोबरच्या भर दुपारच्या उन्हात स्कूटरवरून घरी गेले. इतकी वर्षं बर्फाच्या पेटीवर काळं कापड घालून नेणाऱ्या माणसाला, आता ती पेटी आपणच आहोत, हे सुचलं नाही.

जुन्या शहरातल्या त्यांच्या घरी मी मॅडमबरोबर गेले. चेहरा, मान, हातांचे पंजे सुजून लाल झालेले, फोड आलेले. खिडकीवर घोंगडी टांगलेली. साधा दिवा लावला तरी आग होते म्हणून त्यांच्या पत्नी, आमच्या भाभी, अंधारातच वावरत होत्या. मॅडमनी पिशवीतून हिरवा जिलेटिन कागद काढला, स्टुलावर चढून दिव्याला गुंडाळला आणि दिवा लावला. तो उजेड शफीकभाईंना सोसवला. इथंही आम्ही सगळे आजारी दिसलो.

आणि शफीकभाई हसत होते. सुजलेल्या ओठांनी, पण हसत. "देखो मेडम." गालाच्या आतली जखम वरून काळी पडून झडली होती. खाली गुलाबी, स्वच्छ दिसत होतं. मला खरंच वाटलं, झालं. मी मॅडमकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"रजिस्टर लाई हो? लिखो. चौथी प्लेट, शफीक अहमद. रंग भी, रोशनी भी. नतीजा, साफ."

"वरचं साफ आहे, शफीक."

"अंदर भी गई होगी लाइट."

"टॉर्च आठव. तुझ्या गालात डाग काळा का दिसला? कारण त्यातून उजेड जात नव्हता. टॉर्चचा गेला नाही, तो पेटीचा कसा जाईल?" त्यांचा आवाज चिरकला. "मंगळवारी तारीख आहे. मी रिक्षा घेऊन येते. ऐक माझं."

"जबड़ा काट देंगे, मेडम. किसके लिए कटाऊं? दवा तो लग गई." मग भाभींकडे पाहून म्हणाले, "बाईस बरस मैं मानता रिया कि बन रई है. आज बन गई, तो बनाने वाली नी मान रई."

मंगळवारी आम्ही रिक्षा घेऊन गेलो. भाभी दारात रडत उभ्या होत्या. शफीकभाई आदल्या संध्याकाळच्या बसनं तोंडाला ओढणी गुंडाळून बहिणीकडे रायसेनला निघून गेले होते. मॅडम रायसेनलाही जाऊन आल्या, एकट्या. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. ते परतले तेव्हा त्वचा बरी झाली होती आणि मानेत गाठी आल्या होत्या. डॉक्टरांनी नवे फोटो पाहिले आणि म्हणाले, आता सुरी लावण्यात अर्थ नाही.

तो हिवाळा मॅडमनी त्यांच्या खाटेपाशी काढला. कॉलेज सुटलं की सरळ तिथं. बोलणं थांबल्यावर शफीकभाई खुणा करत. एका दुपारी त्यांनी मॅडमकडे पाहून हाताची चार बोटं वर केली. मॅडमनी तो हात आपल्या हातात घेतला आणि म्हणाल्या, "हो. चौथी." त्यानंतर चार दिवसांनी ते गेले.

कॉलेजात चौकशी समिती बसली. विभागप्रमुखांनी मॅडमना बाजूला घेऊन सांगितलं, मी तिथंच होते, "लिख दीजिए ताला तोड़ा था. आपका रिटायरमेंट है, बात यहीं खत्म." मॅडमनी जबाब लिहिला, पेनानं: "फ्रिजला कुलूप नव्हतं. खोलीच्या किल्ल्या त्यांच्याकडे मीच दिल्या होत्या. बाटलीवर विष असं लिहिलेलं नव्हतं, कारण मी मनातून तिला औषधच म्हणत होते. ते माझं ऐकूनच वागले."

काम बंद झालं. खिडक्यांचे काळे कागद निघाले, भांडारखोलीत पुन्हा जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले. लाल पेटी कुणी नेली माहीत नाही. मॅडमना निरोपसमारंभ द्यायचा की नाही यावर चर्चा चालू असतानाच त्या निवृत्त होऊन गेल्या.

मी आता मंडीदीपला एका औषध कारखान्यात तपासणी विभागात आहे. नोकरी कायम झाली तेव्हा पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. दुसऱ्या मजल्यावरची दोन खोल्यांची जागा. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला, माझ्या वडिलांची चौकशी केली, चहा केला. टेबलावर रजिस्टरांची चळत होती. "घेऊन जायची तर जा. नाहीतर रद्दीत जातील."

मी शेवटचं उघडलं. शेवटच्या पानावर त्यांच्या अक्षरात तारीख, चौथी प्लेट, शफीक अहमद. रंग, होय. उजेड, होय. पुढचा रकाना कोरा होता. बावीस वर्षांत एकही रकाना कोरा नव्हता.

मला राहवलं नाही. "मॅडम, वरचा थर तर खरंच गेला होता ना? म्हणजे ते चालत होतं. आणखी खोल उजेड पोचवता आला असता, नेमकं गाठीतच..."

"सुनीता," त्या म्हणाल्या. "काय झालं ते सांग."

मी कोऱ्या रकान्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "शफीकभाई गेले."

"हं." त्यांनी पेन माझ्यापुढे सरकवलं. मी ते उचललं नाही. त्यांनी टोपण लावून ते ठेवून दिलं.

रजिस्टरं पिशवीत घालून मी खाली उतरले. रस्त्यावरून वळून पाहिलं. ऊन उतरलं होतं आणि त्या गच्चीच्या कठड्याशी माझ्याकडे अर्धी पाठ करून उभ्या होत्या. मला वाटलं निरोपाला हात वर केलाय, म्हणून मीही केला. पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. हाटात पालकाचं पान धरत तसा त्यांनी आपलाच पंजा मावळत्या सूर्यासमोर धरला होता आणि तो निरखून पाहत होत्या. खालूनही दिसत होतं. बोटांच्या कडा तेवढ्या लाल झाल्या होत्या. तळवा काळा होता.